शून्य कुठून धरायचं?

बोर्ड उघडला की वायरमन सगळ्यात आधी टेस्टर काढतो. पारदर्शक मूठ, आत नारिंगी दिवा, खिशाला अडकवायची क्लिप. टोक सॉकेटच्या भोकात घालायचं आणि मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवायचं. दिवा लागला तर फेज, नाही लागला तर न्यूट्रल. टोपीवर बोट कशाला हवं, असं लहानपणी मी आमच्या चाळीतल्या वायरमनकाकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बाळा, करंट तुझ्यातनं जातोय, म्हणून तर पेटतोय तो." त्यानंतर बरेच दिवस मी टेस्टरला हात लावला नाही.

काकांचं बरोबर होतं, फक्त तो करंट अगदी नगण्य असतो. टेस्टरच्या पोटात निऑनच्या दिव्याला जोडून साधारण दहा लाख ओहमचा रोध असतो, त्यामुळे शरीरातून जातो तो मिलिअँपिअरचा पाचवा हिस्सा, किंवा त्याहून कमी. खरी मौज लाकडी स्टुलावर उभं राहिल्यावर कळते. जमिनीशी संबंध तुटला, तरी दिवा विझत नाही, नुसता मंदावतो. माणसाचं शरीर आणि जमीन मिळून एक छोटा धारित्र होतो, आणि सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी वीज त्यातून मायक्रोअँपिअरभर प्रवाह काढतेच. म्हणजे टेस्टर फेजबद्दल एकट्याने काही सांगतच नाही. तो सांगतो फेज आणि तुमचं बोट यांच्यातला फरक. तुम्ही स्वतःच फेजच्या पातळीवर असता, तर तो पेटला नसता, आणि तुम्हालाही काही जाणवलं नसतं.

हा 'फरक' ज्या राशीतला, तिला पुस्तकात विद्युत विभव म्हणतात. ती मोजायला सोपी आणि समजायला अवघड आहे. प्रभार म्हणजे काही तरी वस्तू, क्षेत्र म्हणजे ढकलणारं काही तरी, इतपत डोळ्यांसमोर येतं. पण विभव म्हणजे नेमकं काय? कागदावरचा सोयीचा हिशेब, की निसर्गात खरोखर असलेली गोष्ट? दोनशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर निदान तीनदा फिरलं आहे.

आधी शब्दांकडे पाहू. महावितरणच्या कागदांवर 'लघुदाब ग्राहक' आणि 'उच्चदाब वाहिनी' असते. बोलण्यात आपण 'व्होल्टेज डाऊन आहे' म्हणतो. पाठ्यपुस्तक 'विभव' आणि 'विभवांतर' म्हणतं. तिन्ही शब्द एकाच राशीचे, पण तिघांची चित्रं वेगळी. दाब म्हटलं की पाण्याची टाकी दिसते. व्होल्टानेही आपल्या भाषेत 'ताण' असाच शब्द वापरला होता. विभव मात्र संस्कृतातला, सामर्थ्य आणि संपत्ती या अर्थाचा, वैभवाच्या कुळातला. मला स्वतःला 'दाब' आवडतो, पण त्यात एक खोट आहे. दाब म्हटलं की तोच ढकलतो असं वाटतं, आणि विभव कधीच ढकलत नाही. ढकलतं ते क्षेत्र. विभव फक्त एवढंच सांगतो, की एक कूलोम प्रभार इथून तिथे न्यायला किती जूल काम पडेल.

ही राशी विजेच्या अभ्यासात आली ती कष्ट वाचवायला. कूलोमने १७८५मध्ये दोन प्रभारांमधल्या बलाचा नियम पिळाच्या तराजूने मोजून दाखवला. अंतर दुप्पट झालं की बल चौथाई. दोन प्रभार असतील तर काम सोपं. पण धातूच्या गोळ्यावर प्रभार पसरलेला असेल, तर त्याच्या प्रत्येक कणाचं बल वेगळ्या दिशेला. असे असंख्य बाण दिशेसकट जोडायचे म्हणजे कंबरडं मोडणारं काम. गुरुत्वाकर्षणात याच अडचणीतून लाग्रांजने १७७०च्या दशकात वाट काढली होती: बाण विसरा, अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला एकच आकडा द्या. त्या आकड्याला दिशा नाही, म्हणून तो साध्या बेरजेने मिळतो. मग तो आकडा कुठल्या दिशेने किती झपाट्याने घटतो ते पाहिलं, की बल आपोआप हाती येतं. लाप्लासने ही रीत पुढे नेली आणि प्वासोंने ती विजेला लावली.

तिला नाव मात्र दिलं एका गिरणीवाल्याने. जॉर्ज ग्रीन हा नॉटिंगहॅमजवळच्या स्नाइंटनमध्ये वडिलांची पवनचक्की चालवायचा. शाळा जेमतेम वर्षभर झालेली. त्याने १८२८मध्ये वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध लिहिला आणि वर्गणीदार गोळा करून छापला. किंमत साडेसात शिलिंग, वर्गणीदार एक्कावन्न. त्यांतल्या बहुतेकांना तो कळला असेल असं वाटत नाही. 'पोटेन्शियल फंक्शन' हा शब्द त्याच निबंधातला, आणि बंदिस्त पृष्ठावरची माहिती आतल्या सगळ्या जागेबद्दल काय सांगते हे दाखवणारी, आज त्याच्याच नावाने शिकवली जाणारी सूत्रंही त्यातलीच. पुढे चाळिशीत तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८४१मध्ये वारला. निबंध विस्मरणात गेला होता. पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसनच्या हाती १८४५मध्ये त्याची प्रत पडली, ती घेऊन तो पॅरिसला गेला, तिथल्या गणितज्ञांना दाखवली, आणि १८५०नंतर तो बर्लिनच्या एका गणित नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने पुन्हा छापवला. ती पवनचक्की दुरुस्त होऊन आज पुन्हा फिरते.

कॅव्हेंडिशची गोष्ट याहून अजब. त्याने १७७०च्या दशकात 'विद्युतीकरणाची मात्रा' म्हणून जवळपास हीच कल्पना मांडली होती, धारकताही मोजल्या होत्या. हे सगळं छापायचं मात्र त्याने मनावर घेतलं नाही. मॅक्सवेलने त्याचे कागद १८७९मध्ये प्रसिद्ध केले, तोवर जगाने तेच सगळं नव्याने शोधून काढलं होतं.

विभव आणि क्षेत्र यांचं नातं डोंगर चढणाऱ्यांना वेगळं समजवावं लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचा सह्याद्रीतला एखादा नकाशा उघडा. समान उंचीच्या रेषा जिथे विरळ तिथे पठार, जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर त्या इतक्या दाटतात की एक वेगळी आणि दुसरी वेगळी सांगता येत नाही. समविभव पृष्ठं म्हणजे तशाच रेषा आणि क्षेत्र म्हणजे उतार. कड्यावर पाय सरकला तर इजा उंचीच्या आकड्याने होत नाही, उताराने होते. आणि उंचीचं शून्य आपल्या मर्जीचं. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, ती समुद्रसपाटीपासून. चढणाऱ्याच्या गुडघ्यांना मात्र पायथ्याच्या बारी गावापासूनचाच फरक मोजावा लागतो.

उपमा इथवर चालते, पुढे नाही. विजेच्या नकाशात रिकाम्या जागी शिखर नसतं आणि खळगाही नसतो. जिथे प्रभार नाही, तिथल्या कुठल्याही बिंदूचा विभव त्याच्याभोवती काढलेल्या गोलाच्या पृष्ठावरल्या विभवांची तंतोतंत सरासरी असतो. सरासरीपेक्षा उंच कुणीच नाही म्हटल्यावर शिखर येणार कुठून? शिखरं आणि खळगे असतात ते फक्त प्रभारांच्या जागी. यातूनच अर्नशॉने १८४२मध्ये दाखवलं, की नुसत्या स्थिर प्रभारांच्या बळावर एखादा प्रभारित कण हवेत अधांतरी, स्थिर पकडून ठेवता येत नाही. तो ठेवायला खळगा लागतो, आणि तो मिळत नाही. आज प्रयोगशाळांत एकेकटा आयन पकडतात तो म्हणूनच सतत हेलकावणाऱ्या क्षेत्रात.

विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात ते एका छोट्या गणितात दिसतं. वीस सेंटीमीटर अंतरावर दोन प्रभार ठेवा, प्रत्येकी दोन नॅनोकूलोम, दोन्ही धन. बरोबर मध्यावर दोघांचे ढकले एकमेकांना रद्द करतात, क्षेत्र शून्य. विभवांची मात्र बेरीज होते: १८० अधिक १८०, म्हणजे ३६० व्होल्ट. आता एक प्रभार ऋण करा. मध्यावरचा विभव शून्यावर येतो, आणि क्षेत्र मीटरला ३,६०० व्होल्ट होतं. तिथे ठेवलेला इलेक्ट्रॉन 'शून्य' विभव बघून थांबत नाही, सुसाट पळतो. क्षेत्र नाही म्हणजे विभव नाही, किंवा विभव शून्य म्हणजे सगळं शांत, हे दोन्ही समज यातच संपायला हवेत. पण परीक्षेत दोन्ही राशींची सूत्रं एकाखाली एक लिहून मार्क मिळतात, त्यामुळे ते संपत नाहीत.

फॅरडेला गणित फारसं येत नव्हतं, म्हणून त्याने हाच प्रश्न खोली बांधून सोडवला. १८३६च्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बारा फुटी घनाकार लाकडी सांगाडा उभा केला, त्यावर तांब्याच्या तारा, कागद आणि कथलाचा वर्ख चढवला, आणि सगळी खोली वीजयंत्राने प्रभारित केली. बाहेरच्या कोपऱ्यांतून ठिणग्या उडत होत्या. फॅरडे पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतदर्शक घेऊन आत जाऊन बसला. आत काहीही घडलं नाही. दर्शकाचं पान हललं नाही, ज्योत झुकली नाही. खोलीसकट, मेणबत्त्यांसकट, स्वतः फॅरडेसकट सगळ्याचा विभव हजारो व्होल्टनी वर गेला होता, आणि आतून ते ओळखण्याचा एकही मार्ग नव्हता. विभव हा नुसता हिशेब आहे या मताचा याहून भक्कम पुरावा सापडणार नाही. तो घन लक्षात ठेवायला हवा, शेवटी त्याची गरज पडेल.

याच गोष्टीचा रोजचा अवतार म्हणजे तारेवरचा कावळा. मुंबईच्या लोकलच्या वरची तार आता २५ हजार व्होल्टची. कावळ्याच्या दोन पायांत पाचेक सेंटीमीटर अंतर, तारेतून काहीशे अँपिअर करंट. तेवढ्या तुकड्यावर पडणारा फरक दोन-तीन मिलिव्होल्टचा. कावळा २५ हजारांवर बसलाय खरा, पण त्याच्या वाट्याला येतात ते हे मिलिव्होल्ट. वटवाघळाचं नशीब तेवढं नाही. त्याच्या पंखांचा विस्तार मोठा, उलटं लटकताना एक पंख शेजारच्या तारेला लागला की संपलं. खेडोपाडी तारांवर त्यांचे वाळलेले सांगाडे लटकलेले दिसतात ते यामुळे. वीजवाहिनी चालू ठेवून तिची दुरुस्ती करणारे कामगार धातूचे धागे विणलेला अंगरखा घालतात आणि वाहिनीच्याच विभवावर चढून बसतात. फॅरडेचा घन अंगावर घालून काम करायचं, इतकाच त्याचा अर्थ.

लोकलचा हा आकडा जुना नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून मुंबईची उपनगरी रेल्वे १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालत होती. पश्चिम रेल्वेने २०१२मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५मध्ये आणि हार्बरने २०१६मध्ये २५ हजार व्होल्टवर बदल पूर्ण केला. तेवढीच शक्ती आता सोळाव्या हिश्शाहून कमी करंटमध्ये पोहोचते, तारा तापण्यात वाया जाणारी वीज घटते. टपावर चढणाऱ्यांसाठी मात्र हिशेब बदलला. कोरड्या हवेत सारखं पसरलेलं क्षेत्र सेंटीमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टवर गेलं की हवा फुटते, ठिणगी उडते. टोकदार गोष्टींपाशी क्षेत्र दाटतं आणि ठिणगी आणखी लांब झेप घेते. म्हणून तारेला हात लावायची गरज उरत नाही, जवळ जाणं पुरेसं होतं. तारेपासून दोन मीटर लांब राहा, ही रेल्वेची सूचना त्यासाठीच.

या तीस हजारांच्या मर्यादेतूनच गोळ्यांचंही गणित निघतं. प्रभारित गोळ्याच्या पृष्ठावरचं क्षेत्र म्हणजे त्याचा विभव भागिले त्रिज्या. दहा सेंटीमीटर त्रिज्येचा गोळा फार तर तीन लाख व्होल्टपर्यंत चढतो, पुढे हवाच फुटते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत केस उभे करणारं व्हॅन डी ग्राफ यंत्र ते हेच. तीन लाख व्होल्ट ऐकून छाती दडपते, पण त्या गोळ्यावरचा प्रभार तीन-साडेतीन मायक्रोकूलोम, आणि साठलेली ऊर्जा अर्ध्या जूलच्या आसपास. घरातला २३० व्होल्टचा सॉकेट माणूस मारतो, तीन लाखांचा गोळा चटका देऊन हसवतो. नुसत्या व्होल्टचा आकडा ऐकून घाबरणाऱ्यांनी आणि न घाबरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात असलेला पेलेट्रॉन त्वरक याच कुळातला, पण तो १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत चढवण्यासाठी बांधलेला. अर्थात मोकळ्या हवेत नाही, सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूने भरलेल्या उंच टाकीत.

आता जमिनीकडे. वीज झाडावर पडली की २० हजार अँपिअरचा लोट मातीत शिरतो आणि सगळीकडे पसरतो. साध्या ओलसर मातीचा हिशेब धरला तर झाडापासून दहा मीटरवर जमिनीचाच विभव तीस हजार व्होल्टच्या वर जातो, आणि दूर जावं तसा उतरत जातो. तिथे झाडाकडे तोंड करून उभ्या माणसाच्या दोन पावलांत अर्धा मीटर अंतर असेल तर त्यांच्यात दीड हजार व्होल्टचा फरक पडतो. तशीच उभी असलेली गाय घ्या: पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर, फरक चार हजारांच्या वर, आणि करंटचा रस्ता थेट काळजातून. एकाच झाडाखाली गुरं दगावतात आणि गुराखी वाचतो, असं घडतं ते या उतारामुळे. नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावर ऑगस्ट २०१६मध्ये एकाच वादळात ३२३ रेनडिअर मेले होते. पाय जुळवून उकिडवं बसा, हा सल्ला आपल्याकडे शेतकऱ्यांना दिला जातो, तो दोन पावलांमधला विभवांतराचा आकडा लहान करण्यासाठी.

वीज पडत नसते तेव्हाही आपण विभवाच्या उतारावरच उभे असतो. निरभ्र दिवशी जमिनीलगत मीटरला सुमारे १०० व्होल्ट क्षेत्र असतं, दिशा खालच्या बाजूला. मग नाक आणि टाचा यांच्यात दीडशे व्होल्ट असताना शॉक का बसत नाही? कारण शरीर वाहक आहे. ते जमिनीशी एकाच पातळीवर येतं, आणि समविभव पृष्ठं डोक्यावरून तंबूसारखी उचलली जातात. शिवाय हवा इतकी दुर्वाहक, की चौरस मीटरमागे एक-दोन पिकोअँपिअरच वाहतो.

या साध्या शंभरातून मोठा हिशेब निघतो. पृथ्वीच्या पृष्ठावर साडेचार-पाच लाख कूलोम ऋण प्रभार असला पाहिजे, आणि वरच्या वाहक हवेचा विभव जमिनीपेक्षा सुमारे तीन लाख व्होल्टनी जास्त. सगळ्या पृथ्वीवर मिळून हजारभर अँपिअर गळत राहतात, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आतच हा साठा संपायला हवा. संपत नाही, कारण जगात कुठे ना कुठे गडगडाट चालू असतो आणि ढग तो भरून काढतात. ही कल्पना स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ विल्सनची, शंभर वर्षांपूर्वीची. गमतीची गोष्ट अशी, की हवेतला उलट प्रभार बाजूला ठेवून नुसत्या पृथ्वीच्या गोळ्याचा विभव अनंतापासून मोजला, तर तो उणे ६० कोटी व्होल्टच्या पलीकडे जातो. आणि वायरमन अर्थिंगचा खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, ज्याला शून्य म्हणतो ते हेच. काही बिघडत नाही. सगळं घर त्याच शून्याला बांधलेलं असलं की झालं.

ढगाचा विभव मोजणं मात्र फार दिवस रखडलं होतं. फुग्याला उपकरण बांधून ढगात सोडलं तर ते क्षेत्र मोजतं, म्हणजे त्या ठिकाणचा उतार. फुगा चढेल तसे उतार जोडत जाऊन विभव काढायचा. पण फुगा एकाच वाटेने जातो, त्याला वर जायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ढग पुढे सरकतो. अशा मोजमापांत जास्तीत जास्त १३ कोटी व्होल्टच्या आसपास आकडा आला होता. विल्सनचा अंदाज १०० कोटींचा होता, आणि तो नव्वद वर्षं तसाच पडून राहिला.

उत्तर आलं उटीहून. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच ग्रेप्स-३ हा प्रयोग चालतो, मुळात विश्वकिरणांसाठी. विश्वकिरण वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे प्रभारित कण खाली बरसतात. काही धन, काही ऋण, धन थोडे जास्त. ५६० चौरस मीटरच्या शोधकात ते मिनिटाला लाखोंच्या संख्येने मोजले जातात. वाटेत गडगडाटी ढग आला, की एका प्रकारच्या कणांना तो ऊर्जा देतो आणि दुसऱ्या प्रकारच्या कणांची काढून घेतो. शोधकाच्या उंबरठ्याखाली घसरलेले मोजले जात नाहीत, त्यामुळे एकूण मोजणी किंचित हलते. १ डिसेंबर २०१४ रोजी एका ढगाखाली ती सुमारे दोन टक्क्यांनी घटली. त्यावरून ढगाच्या माथ्यापासून पायापर्यंतचा फरक निघाला १३० कोटी व्होल्ट. निकाल २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. मला यात आकड्यापेक्षा रीत जास्त मोहक वाटते. फुगा उतार मोजून बेरीज करत बसतो. म्यूऑन अख्खा ढग ओलांडतो आणि खाली येतो तो बेरीज करूनच, स्वतःच्या ऊर्जेच्या रूपात. विभव हा हिशेब असेल, तर तो इथे माणसाने केलेला नाही.

उलट्या टोकाला चेतापेशी. तिच्या पापुद्र्याच्या आत-बाहेर जेमतेम ७० मिलिव्होल्टचा फरक, पण पापुद्रा सात नॅनोमीटरचा. भागाकार केला तर मीटरला एक कोटी व्होल्ट, म्हणजे ज्या क्षेत्रात हवा फुटते त्याच्या तिप्पट. हे वाक्य वाचताना आपल्या मेंदूत तेच चाललं आहे.

आता एक तक्रार. आपल्याकडे स्थिर विजेचं प्रकरण वेगळं आणि धाराविद्युत वेगळी. पहिल्यात विभव प्रभारांमुळे येतो, दुसऱ्यात तो बॅटरीतून आलेला असतो आणि तारेत कसा पोहोचला हे कुणी विचारत नाही. वास्तविक तारेतल्या इलेक्ट्रॉनांना ढकलणारं क्षेत्रही प्रभारांचंच असतं. तारेच्या पृष्ठावर, रोधाच्या दोन टोकांना, वळणांवर प्रभाराची बारीक पुटं बसतात आणि करंटला वाट दाखवतात. ओहमच्या नियमातला 'ताण' आणि स्थिर विजेतला विभव एकच आहेत, हे किर्कहोफने १८४९मध्येच दाखवलं होतं. ही पुटं किती बारीक असतात? तांब्याच्या तारेतला एक अँपिअर काटकोनात वळवायला वळणावर साधारण एका इलेक्ट्रॉनइतका प्रभार पुरतो. लाखो कोटी इलेक्ट्रॉनांच्या मोर्च्याला वळण दाखवायला एक हवालदार! हे बारावीच्या वर्गात सांगितलं, तर दोन्ही प्रकरणं एका दोऱ्यात ओवली जातील.

विभवाची मर्यादाही सांगायला हवी. उंचीचा आकडा दर बिंदूला एकच असतो, कारण गडाला फेरी मारून त्याच जागी आलं की चढउतार शून्य होतो. पण जवळ चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर विजेच्या जगात हे मोडतं. फेरी मारून परत यावं आणि काही व्होल्ट वर चढलेलं असावं. तिथे 'या दोन बिंदूंमधला व्होल्टेज' हा प्रश्नच अपुरा. एकाच दोन टोकांना दोन मीटर लावले आणि त्यांच्या तारा चुंबकीय गाभ्याच्या दोन बाजूंनी नेल्या, तर ते वेगवेगळे आकडे दाखवतात, आणि दोन्ही बरोबर असतात. अनुभवी इंजिनियरसुद्धा यावर हमरीतुमरीवर येतात.

बहुधा अशाच अडचणींना कंटाळून हेविसाइड आणि हर्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅक्सवेलच्या समीकरणांतून विभव काढून टाकले. क्षेत्र तेवढं खरं, बाकी मधली आकडेमोड. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आज आपण जी चार समीकरणं शिकतो ती त्यांनी साफ करून ठेवलेली. मग पुंजभौतिकी आली, आणि तिच्या मुख्य समीकरणात क्षेत्र नव्हतंच, विभवच होता. लोकांनी तरी तिकडे काणाडोळा केला.

१९५९मध्ये ब्रिस्टलच्या याकिर आहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी ते चालू दिलं नाही. (बोम म्हणजे तेच, जे. कृष्णमूर्तींशी झालेल्या संवादांमुळे आपल्याकडे अनेकांना माहीत असलेले.) त्यांनी सुचवलेला एक प्रयोग असा: इलेक्ट्रॉनाची लाट दोन वाटांत फोडा. प्रत्येक वाटेवर धातूची एकेक नळी. लाटेचे दोन्ही भाग नळ्यांच्या आत पुरते शिरले, की दोन नळ्यांना वेगवेगळे विभव द्या, आणि ते बाहेर पडण्याआधी काढून घ्या. नळीच्या आत क्षेत्र शून्य, जसं फॅरडेच्या घनात होतं. इलेक्ट्रॉनाला कुठेही ढकला मिळालेला नाही. तरीही पलीकडे दोन भाग एकत्र आले की पडद्यावरचे पट्टे सरकलेले असतील, असं त्यांचं गणित सांगत होतं.

याची चुंबकीय आवृत्ती लगेच पुढच्या वर्षी पाहिली गेली, आणि १९८६मध्ये जपानात आकिरा तोनोमुरा यांच्या गटाने ती अशा काटेकोरपणे केली की शंका घेणाऱ्यांना फारशी जागा उरली नाही. २०२२मध्ये स्टॅनफर्डला गुरुत्वाकर्षणाच्या विभवाचाही असाच ठसा अणूंच्या लाटांवर दिसला. विजेची आवृत्ती, त्या मूळ नळ्यांच्या शुद्ध रूपात, करायला फार कठीण. अर्थ लावण्यातही एकमत नाही. विभव खरा आहे असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, की क्षेत्र निर्माण करणारे प्रभारही पुंजनियमांनीच वागतात, त्यांचा हिशेब धरला तर विभवाला हात न लावताही उत्तर येतं. मी पहिल्या बाजूकडे झुकलोय, पण एका अटीवर. इथेही पट्टे सरकतात ते दोन नळ्यांमधल्या फरकामुळे. दोन्ही नळ्यांना सारखाच विभव दिला, तर इलेक्ट्रॉनालाही काही कळत नाही.

व्यवहाराने मात्र वादाचा निकाल लागायची वाट पाहिली नाही. १९६२मध्ये बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने दाखवलं, की दोन अतिवाहकांमध्ये पातळ अवरोध ठेवून फरक एक व्होल्टचा केला, तर त्यातून सेकंदाला सुमारे ४८४ लाख कोटी वेळा कंपन पावणारा प्रवाह निघतो. आज जगभरच्या मापन प्रयोगशाळा व्होल्ट ठरवतात तो असाच, कंपनं मोजून. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, एकट्याला त्याच्या निम्मं. म्हणजे आहारोनोव्ह-बोम यांच्या एका नळीतला इलेक्ट्रॉन दुसरीतल्यापेक्षा एक व्होल्ट वर सेकंदभर बसला, तर तेवढ्यात त्याची लाट २४२ लाख कोटी आवर्तनांनी वेगळी पडेल. मेणबत्ती घेऊन बसलेल्या फॅरडेला यातलं एकही दिसलं नसतं.